खांब टिकेल हो, पण आग विझेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पानशेतच्या वरच्या अंगाला दुमजली घर बांधायचंय. आर्किटेक्टने ग्लुलॅमचे खांब-तुळया आणि सीएलटीच्या भिंती-स्लॅब सुचवलेत, आणि सगळं लाकूड आतून उघडं दिसायला हवं असा त्याचा आग्रह आहे. ‘आगीत लाकूड लोखंडापेक्षा जास्त टिकतं’ हे त्याचं म्हणणं. घरातले काका विचारतात, ‘मग शनिवारवाडा का जळला?’ यात बरोबर कोण?

दोघंही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, एवढंच. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, आणि आगीत इमारत किती वेळ उभी राहील याचे हिशेब करणं हेच माझं बरंचसं काम, त्यामुळे जरा आकड्यांत शिरतो.

ज्यांना हे शब्द नवीन असतील त्यांच्यासाठी: फळ्या एकाच दिशेने एकावर एक चिकटवून केलेली जाड तुळई म्हणजे ग्लुलॅम. फळ्यांचे थर आळीपाळीने उभे-आडवे चिकटवून केलेला मोठा पॅनल म्हणजे सीएलटी. कल्पना प्लायवूडचीच, फक्त इथे एकेक थर २० ते ४० मिमी जाड असतो.

आधी आर्किटेक्टची बाजू घेतो. जाड लाकूड पेटलं की साधारण ३०० अंश सेल्सियसला त्याचा कोळसा व्हायला लागतो, आणि हा कोळशाचा थर उष्णता फार सावकाश आत जाऊ देतो. त्यामुळे आग आत सरकते ती जवळपास ठरावीक वेगाने. युरोकोड ५ (लाकडी बांधकामाचं युरोपीय मानक) च्या आगीच्या भागात सॉफ्टवुडसाठी, म्हणजे पाइन-स्प्रूससारख्या लाकडासाठी, मूळ वेग मिनिटाला ०.६५ मिमी धरतात. तुळईच्या कोपऱ्यांना दोन बाजूंनी झळ बसते म्हणून ग्लुलॅमला ०.७. तासाभराच्या प्रमाणित चाचणीत भट्टी शेवटी ९४५ अंशांपर्यंत जाते. त्यातून काढलेला तुकडा खरवडला तर वरचा काळा भाग भुगा होऊन गळतो, मग एक अगदी पातळ तपकिरी पट्टा लागतो, आणि त्याच्या खाली पिवळसर, राळेचा वास येणारं चांगलं लाकूड. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वासच बसत नाही.

आता हिशेब. समजा तुमच्या दिवाणखान्यावरची तुळई २४० मिमी रुंद आणि ४०० मिमी उंच आहे, वर स्लॅब आहे, म्हणजे आग तीन बाजूंनी लागणार. ६० मिनिटांत ०.७ च्या वेगाने ४२ मिमी कोळसा झाला. त्याच्या आतला थोडा भाग दिसायला लाकूडच, पण तापून कमकुवत झालेला; त्याबद्दल आणखी ७ मिमी वजा. एकूण ४९. दोन्ही बाजूंनी वजा केल्यावर रुंदी उरली १४२, उंची उरली ३५१. वाकण्याला विरोध करण्याची क्षमता मूळच्या सुमारे ४५ टक्के राहिली. वाचायला कमी वाटतं, पण आग लागलेल्या तासाभरासाठी पूर्ण डिझाइन भार धरत नाहीत आणि सुरक्षेचे गुणकही सैल केलेले असतात, त्यामुळे अशी तुळई बहुतेक वेळा पास होते.

हाच हिशेब १०० बाय २०० च्या तुळईला लावा. शंभरातून दोन्हीकडचे ४९ गेले की राहिले २ मिमी. म्हणजे काहीच नाही. तेव्हा ‘लाकूड टिकतं’ हे वाक्य ‘जाड लाकूड टिकतं’ असं वाचायचं. कोटेशन कमी करायला सांगितलं की फॅब्रिकेटर सगळ्यात आधी जाडीलाच हात घालतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

लोखंडाशी तुलना मात्र मला पटत नाही. स्टीलची ताकद ६०० अंशांना निम्म्याहून खाली येते आणि उघडा सेक्शन पंधरा-वीस मिनिटांत तिथवर पोहोचू शकतो, हे खरं. पण जिथे आगीचं रेटिंग, म्हणजे आगीत ठरावीक मिनिटं टिकण्याची अट, लागतं तिथे स्टील उघडं सोडतच नाहीत. त्यावर स्प्रे असतो, बोर्ड असतो किंवा फुगणारा पेंट असतो. उघड्या स्टीलला हरवून दाखवणं ही सेल्समनची तुलना झाली. तुमच्याकडे खरा पर्याय आरसीसीचा आहे, आणि आरसीसी किती वेळ टिकतं यापेक्षा महत्त्वाचं हे की ते स्वतः जळत नाही.

इथे काकांचा शनिवारवाडा येतो. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली ती आग कित्येक दिवस धुमसत होती. शेवटी उरलं काय, तर दगडी जोती, तटबंदी, दरवाजे. आत सागाचे चांगले भरभक्कम खांब होते, म्हणजे आपल्या हिशेबाने ते तासभर सहज उभे राहिले असते. राहिलेही असतील. पण खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, कडीपाट लाकडाचा, तक्तपोशी लाकडाची. मधे आग थांबावी असं काही नाही. एकेक खांब किती मिनिटं टिकतो याला अशा वेळी अर्थ उरत नाही. सगळं जळून संपेपर्यंत आग थांबणारच नसते.

लाकडी इमारतीचा खरा प्रश्न हाच आहे. आरसीसीच्या खोलीत सोफा, गादी, कपाट, पडदे जळून संपले की आग आपोआप मंदावते. लाकडी खोलीत ते संपल्यावर खोलीच जळायला उरलेली असते. किती, तेही काढून पाहू. ४.५ बाय ४.५ मीटरची बेडरूम घ्या, म्हणजे सुमारे २० चौ.मी. युरोकोडमध्ये घरातल्या सामानाचं सरासरी इंधन दर चौ.मी. ला ७८० मेगाज्यूल धरलंय. या खोलीत झाले साधारण १५,८०० मेगाज्यूल. आता फक्त छत उघडं आहे आणि ते ३० मिमी जळलं, ज्याला पाऊण तास लागतो, तर सुमारे २७० किलो लाकूड गेलं. किलोला १७ मेगाज्यूल धरून ४,६०० ची भर पडली. बरीच आहे, पण सांभाळता येते. आता छताबरोबर तीन भिंतीही उघड्या ठेवा. उघडं लाकूड ६० चौ.मी. झालं, भर झाली जवळजवळ १३,८००. म्हणजे त्याच खोलीत दोन खोल्यांचं सामान कोंबून पेटवल्यासारखं. हिशेब ढोबळ आहे, कोळशात थोडी ऊर्जा अडकून राहते, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे.

नुसत्या क्षेत्रफळाचाही हा प्रश्न नाही. चुलीत एकटं लाकूड ठेवलं तर ते धुपतं आणि विझतं. दोन लाकडं समोरासमोर लावली की एकमेकांच्या धगीवर जळत राहतात. समोरासमोरच्या दोन उघड्या सीएलटी भिंती हेच करतात. सामान संपल्यावर एकटं छत अनेकदा विझतं, समोरासमोरच्या भिंती सहसा विझत नाहीत. माझं मत विचाराल तर आर्किटेक्टशी वाद घालायचा तो इथेच घाला, बाकी सगळं तपशिलात सुटतं.

मोठ्या मोकळ्या हॉलची गोष्ट आणखी वेगळी. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये अरुप या सल्लागार कंपनीने ३५२ चौ.मी.च्या हॉलवर उघड्या सीएलटी छताच्या चाचण्या केल्या. छताने पेट घेतल्यावर आग काही मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला पोहोचली, आणि ज्वाळा गेल्यावरही लाकूड आतल्या आत धुमसत राहिलं. तुमचं घर एवढं मोठं नाही, पण डबल हाइटचा दिवाणखाना आणि त्यात उघडा जिना असला तर त्याच दिशेने जाताय. वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसांचा रस्ता त्या जिन्यातूनच असतो.

अमेरिकेच्या २०२१ च्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडने हे फार सरळ मांडलंय. लाकडी इमारत १८ मजल्यांपर्यंत न्यायची असेल तर लाकूड पूर्ण झाकायचं. १२ पर्यंत थोडं उघडं चालेल. बरंचसं उघडं ठेवायचं असेल तर ९ वर थांबा. व्हँकुव्हरचं ब्रॉक कॉमन्स हे १८ मजली वसतिगृह २०१७ मध्ये उभं राहिलं, त्यातलं लाकूड जवळपास सगळं जिप्सम बोर्डाखाली आहे. नॉर्वेच्या ब्रुमुंडालमधला म्योस्टॉर्नेट ८५.४ मीटर उंच, २०१९ चा. तिथे ग्लुलॅमचे अवाढव्य खांब उघडे दिसतात, पण मुख्य सांगाडा १२० मिनिटांसाठी डिझाइन केलाय आणि इमारतीत स्प्रिंकलर आहेत. आर्किटेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यांचे फोटो असतील तर त्यांच्याकडून स्प्रिंकलरचं ड्रॉइंगही मागा.

आता गोंद. लोक लाकडाची जात विचारतात, गोंदाची नाही. सीएलटीच्या काही पॅनलमध्ये वापरलेला पॉलियुरेथेनचा गोंद तापला की सैल पडायचा, तोही कोळसा त्या थरापर्यंत पोहोचण्याच्या आधीच. मग खालची अख्खी फळी, कोळशाच्या कवचासकट, खाली गळून पडायची. उघडं पडलेलं नवं लाकूड आधीच तापलेलं असतं. युरोकोडप्रमाणे पुन्हा २५ मिमी कोळसा जमेपर्यंत त्याचा जळण्याचा वेग दुप्पट धरायचा. प्रयोगांत मंदावलेली आग यामुळे पुन्हा भडकून खोलीभर पसरलेली दिसली. उत्तर अमेरिकेच्या पीआरजी ३२० या मानकात २०१८ पासून गोंदासाठी वेगळी आगीची परीक्षा घातली ती या कारणाने. म्हणून तुमच्या पॅनलच्या कागदपत्रांत ‘पीआरजी ३२०, २०१८ किंवा नंतरचं’ असं लिहिलंय का ते बघा. माल युरोपातून येत असेल तर उत्पादकाकडून गोंदाचं नाव आणि आगीतला थर-गळतीचा रिपोर्ट लेखी मागा. ‘सर, इम्पोर्टेड आहे’ हे उत्तर नव्हे.

थरांवरून आणखी एक. सीएलटीचा स्लॅब एका दिशेनेच मुख्य भार नेतो, आणि त्या दिशेचे थर एकाआड एक असतात. तीन थरांच्या स्लॅबमधला खालचा थर जळाला की मधला आडवा, जवळपास निकामी. उरतो फक्त वरचा. म्हणजे जाडी एक तृतीयांश गेली, पण ताकद त्याहून कितीतरी जास्त गेली. छत उघडं ठेवायचं असेल तर पाच थरांच्या खाली येऊ नका, आणि त्यातही सगळ्यात खालचा थर जाड घ्या.

खांब तुळईपेक्षा नाजूक असतो, हे बऱ्याच इंजिनिअरांच्याही लक्षात येत नाही. लाकडाची ओढ सहन करण्याची ताकद १०० अंशांना ६५ टक्के उरते, पण दाब सहन करण्याची फक्त २५ टक्के. आकडे युरोकोडचेच. खांब दाबाखाली असतो. आग ओसरली तरी कोळशाकडून आत सरकणारी उष्णता लगेच थांबत नाही, आतलं लाकूड शंभर अंशांकडे जात राहतं. भट्टीच्या चाचण्यांत बर्नर बंद केल्यावर, थंड होत असताना खांब मोडल्याच्या नोंदी आहेत. ६० मिनिटांचं रेटिंग म्हणजे एकसष्टाव्या मिनिटाला धोका संपला असं नाही. ज्वाळा गेल्या म्हणून अग्निशमन दलाचे जवान आत शिरतात, तीच ही वेळ. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत आणि पडझडीत मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. ती जुनी लाकडी सांगाड्याची इमारत, आजच्या ग्लुलॅमशी तिची थेट तुलना मी करणार नाही. पण लाकडी घर डिझाइन करताना आत येणाऱ्या जवानांचा विचार केलाच पाहिजे, म्हणून खांबांना मी हिशेबापेक्षा जास्त जाडी देतो. घरातल्या चार-सहा खांबांचा जास्तीचा खर्च एकूण बजेटमध्ये जाणवतही नाही.

मग सांधे. तुळई खांबाला जोडायला आत स्टीलची प्लेट आणि आरपार पिना असतात. लाकूड उष्णता अडवतं, पण पिन ती सरळ आत घेऊन जाते. युरोकोडच्या तक्त्यात संरक्षण नसलेल्या सांध्याला खिळे, स्क्रू किंवा बोल्ट असतील तर १५ मिनिटं आणि साध्या पिना असतील तर २० मिनिटं धरायला सांगितलंय. तुळई ६० मिनिटांची आणि तिचा सांधा १५ चा असेल तर घर १५ मिनिटांचं झालं. उपाय अवघड नाही. प्लेट पूर्ण लाकडाच्या पोटात घ्या, पिना आखूड ठेवून भोकं लाकडी बुचांनी बंद करा, तुळई-खांबामधल्या फटीत आगीत फुगणारी पट्टी घाला. दिसायला काळे गोल बोल्ट फार सुंदर दिसतात आणि आर्किटेक्टला ते हवेच असतात. हवे असतील तर शोभेचे लावा, भार त्यांच्यावर टाकू नका.

आता तो पेंट, ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी विकायला येईलच. फायर रिटार्डंट कोटिंगने लाकूड उशिरा पेटतं आणि पृष्ठभागावर ज्योत हळू पसरते. हे उपयोगाचं आहे, जिन्याच्या बाजूला तर नक्की लावा. पण त्याचं ‘क्लास वन’ सर्टिफिकेट म्हणजे ज्योत पसरण्याचं सर्टिफिकेट, तुळई तासभर उभी राहण्याचं नव्हे. या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, आणि बाजारात एकीचा कागद दुसरीसाठी बिनदिक्कत दाखवला जातो. आयएस ५५०९ या भारतीय मानकाच्या फायर रिटार्डंट प्लायचंही तेच. पार्टिशनला चांगला, भार उचलायला नाही. आयएस ३८०९ प्रमाणे भट्टीत केलेल्या चाचणीचा रिपोर्ट आहे का, एवढाच प्रश्न विचारा. समोरचा विषय बदलतो का ते बघा.

तुमच्या घराबाबत माझा सल्ला असा. ग्लुलॅमचे खांब-तुळया उघडे ठेवा, ६० मिनिटांसाठी डिझाइन करून, सांधे झाकून. सीएलटीचं छत दिवाणखान्यात उघडं ठेवा, हौस पुरी होईल. बेडरूममध्ये एक तर छत उघडं ठेवा किंवा एक भिंत, दोन्ही नको. बाकी भिंतींवर गुलाबी रंगाचा फायर-रेटेड जिप्सम बोर्ड, दोन थर, सांधे एकमेकांवर न येता. अमेरिकन कोड १५.९ मिमीच्या अशा एका बोर्डाला ४० मिनिटं देतो, त्यावरून अंदाज येईल. जिना पूर्ण झाका, खालूनसुद्धा. स्वयंपाकघरात शेगडीमागे आणि गिझरच्या आसपास टाइल्स किंवा सिमेंट बोर्ड. देवघर उघड्या लाकडी भिंतीला टेकवू नका; समई रोज लागते, आणि निरांजन कोणी विझवलं की नाही हे दरवेळी कोणाच्या लक्षात राहतं? बोर्ड आणि लाकूड यांच्यात पोकळी सोडू नका, सोडावी लागली तर रॉकवूलने भरा. अशा पोकळीत आग चालते आणि बाहेरून कोणाला दिसत नाही.

आणि एसीवाल्याला सांभाळा. घर पूर्ण झाल्यावर तो ६५ मिमीचा होल-सॉ (गोल करवत) घेऊन येतो आणि तांब्याच्या पाइपसाठी तुमच्या तासाभराच्या भिंतीला आरपार भोक पाडून, भोवती फोम मारून जातो. फोम म्हणजे इंधनच. एका साइटवर एका मजल्यावर अशी बरीच भोकं मी मोजून काढली आणि सगळी फायर सीलंटने पुन्हा बंद करून घ्यावी लागली. सगळ्या सर्व्हिसेसची भोकं फॅक्टरीतच पाडून घ्या. सीएलटी मशीनवर कापलं जातं, त्यात फारसा जास्तीचा खर्च येत नाही.

एकट्या दुमजली घराला नॅशनल बिल्डिंग कोड स्प्रिंकलरची सक्ती करत नाही. तरी मी जिन्यात आणि दिवाणखान्यात घालायला सांगेन, गच्चीवरची टाकी आणि एक छोटा पंप पुरतो. कारण पुण्याहून आगीचा बंब तिथे पोहोचायला तास लागू शकतो, आणि तुमचा सगळा हिशेबही तासाचाच आहे. प्रत्येक बेडरूममध्ये आणि जिन्यात स्मोक डिटेक्टर लावा. घराच्या आगीत माणसं मरतात ती बहुतेक सोफ्याच्या धुराने, तुळई पडायच्या कितीतरी आधी. वरच्या मजल्यावरून बाहेर पडायला दुसरा रस्ता ठेवा, बाल्कनीतून उतरता आलं तरी चालेल. उतारावर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात, तेव्हा घराभोवतालचं गवत आधीच काढून टाका आणि लाकडी डेकच्या खाली सुकलेला पाला साठू देऊ नका. तिकडच्या चार महिन्यांच्या पावसात आगीपेक्षा वाळवी आणि ओल हे मोठे शत्रू आहेत, पण तो वेगळा विषय.

काम चालू असतानाचा काळ सगळ्यात धोक्याचा. तेव्हा बोर्ड लागलेले नसतात, दारं नसतात, डिटेक्टर नसतात, आणि वारा आरपार वाहत असतो. नॉटिंगहॅम विद्यापीठाची लाकडी सांगाड्याची प्रयोगशाळा १२ सप्टेंबर २०१४ ला बांधकाम चालू असतानाच जळून गेली. नव्याने बांधून ती २०१७ मध्ये उघडली. आपल्या साइटवर वेल्डिंग-कटिंग, बिडी, आणि मजुरांची चूल, तिन्ही असतात. लाकूड साइटवर आल्या दिवसापासून वेल्डिंग बंद करा. स्टीलचं सगळं काम फॅब्रिकेशन शॉपमध्ये करून आणा. मजुरांचं स्वयंपाकाचं शेड बांधकामापासून लांब, ठिणग्या वाऱ्याने बांधकामाकडे येणार नाहीत अशा बाजूला. ड्रममध्ये पाणी आणि दोन चालू स्थितीतली एक्स्टिंग्विशर पहिल्या दिवसापासून. बोर्ड ‘शेवटी एकदम लावू’ असं काँट्रॅक्टर म्हणेल. नाही, खालचा मजला उभा राहिला की त्याचे बोर्ड लावायचे, मगच वरचा. बांधकाम काळाचा विमा लाकूड यायच्या आधी घ्या, आणि प्रपोजलमध्ये सांगाडा लाकडी आहे हे स्पष्ट लिहा. न लिहिता घेतलेली पॉलिसी स्वस्त पडते, पण क्लेमच्या वेळी कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.